जपानमधल्या लहानशा स्टेशनाचं वीजबिल कोण भरतं?

"जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेनं अख्खं स्टेशन चालू ठेवलं आणि तिचं शिक्षण संपल्यावरच ते बंद केलं." बर्फात बुडालेल्या फलाटाचा फोटो आणि हा मजकूर तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. 2016च्या जानेवारीत ही गोष्ट जगभर फिरली आणि अजूनही अधूनमधून नव्यानं उगवते. खाली ठरलेली ओळ असते: "आणि आपल्याकडे बघा!"

गोष्ट अगदीच खोटी नाही. स्टेशन होतं होक्काइदो बेटावरच्या एन्गारु गावाच्या हद्दीतलं क्यू-शिराताकी. (अनेक मजकुरांत नाव जवळच्याच दुसऱ्या स्टेशनाचं दिलेलं असतं.) तिथून एक मुलगी एन्गारुच्या शाळेत जायची, हेही खरं. पण स्टेशन बंद करायचं रेल्वेनं ठरवलं ते प्रवासी उरले नाहीत म्हणून. जपानी रेल्वेचं नवं वेळापत्रक बहुतेक दर वर्षी मार्चमध्ये लागू होतं आणि तिथलं शालेय वर्षही मार्चमध्येच संपतं. त्या वर्षी नवं वेळापत्रक 26 मार्चला लागू झालं. त्याच दिवशी होक्काइदोवर पहिल्यांदा बुलेट ट्रेन धावू लागली आणि त्याच दिवशी क्यू-शिराताकी जवळच्या दोन छोट्या स्टेशनांसह बंद झालं. आता त्या मार्गावर कामिकावा ते शिराताकी या 37.3 किलोमीटरमध्ये गाडी कुठेच थांबत नाही.

मला या गोष्टीतला वेगळाच प्रश्न खुणावतो. बंद होईपर्यंत त्या फलाटावरचा बर्फ काढायचा, दिवा लावायचा, छप्पर शाकारायचं, या सगळ्याचे पैसे देत कोण होतं? आणि हा प्रश्न एका स्टेशनापुरता नाही. 2020च्या मार्चअखेर जपानमध्ये 9,465 स्टेशनं होती आणि त्यांतल्या 4,564 स्टेशनांवर एकही कर्मचारी नव्हता. म्हणजे जवळपास निम्मी स्टेशनं बिनकर्मचारी. ती चालतात कशी आणि बंद कधी पडतात, हे समजून घ्यायला एक स्टेशन नीट पाहू या.

किशी: टोकाचं स्टेशन

ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांत आहे. वाकायामा शहराच्या मुख्य स्टेशनातून एक छोटा फाटा निघतो, किशिगावा मार्ग. लांबी 14.3 किलोमीटर, स्टेशनं 14, रूळ एकेरी, गाडी दोन डब्यांची. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास लागतो. शेवटचं स्टेशन किशी. आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेती आणि सकाळी कामाला किंवा शाळेला शहराकडे जाणारी वस्ती. आपल्याकडे कल्याण-कर्जतच्या मधल्या एखाद्या स्टेशनाची कल्पना करा आणि गर्दी शंभरपट कमी करा.

मार्गाचा पहिला तुकडा 1916 साली सुरू झाला तो वाटेवरच्या तीन मोठ्या देवस्थानांच्या यात्रेकरूंसाठी. 1933मध्ये तो किशीपर्यंत पोचला. 1961मध्ये नानकाई या मोठ्या खासगी रेल्वे कंपनीच्या ताब्यात आला आणि तोवर यात्रेकरूंची जागा नोकरदार आणि विद्यार्थ्यांनी घेतली होती. 1974च्या सुमारास वर्षाला 36 लाखांच्या आसपास प्रवास व्हायचे. मग रस्ते रुंद झाले, घरोघरी मोटारी आल्या, मुलं कमी झाली. 2005पर्यंत आकडा 19 लाखांवर आला होता.

तिकिटाच्या पैशांत रेल्वे चालत नाही का?

कधीकधी चालते. टोकियो आणि ओसाकाच्या गर्दीच्या मार्गांवर तर उत्तम चालते. छोट्या मार्गाची अडचण समजायला तुमच्या सोसायटीची लिफ्ट आठवा. चाळीस फ्लॅट भरलेले असोत की पंधरा, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार तेवढाच, मोटर तेवढीच झिजते, तपासणी तेवढ्याच वेळा होते. माणसं कमी झाली की खर्च कमी होत नाही, फक्त उरलेल्यांच्या डोक्यावरचा वाटा वाढतो. आणि तळमजल्यावरचा दुकानदार दर सभेत विचारतो, मी लिफ्ट वापरतच नाही, मी पैसे का देऊ? हा दुकानदार लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

रेल्वेचंही तसंच आहे. रूळ, पूल, सिग्नल, विजेच्या तारा, फाटकं यांचा खर्च गाडीत दहा माणसं असली काय किंवा दोनशे असली काय, जवळपास सारखाच. शिवाय छोट्या मार्गावरची गर्दी दिवसभर सारखी नसते. सकाळी साडेसातच्या गाडीला उभं राहायला जागा नाही आणि अकराच्या गाडीत चार आजी-आजोबा. पण डबे, मोटरमन आणि वीजपुरवठा साडेसातच्या गर्दीच्या हिशेबानंच ठेवावा लागतो. त्यात गर्दीतला मोठा हिस्सा विद्यार्थ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा पास नोकरदारांच्या पासापेक्षा बराच स्वस्त. नोकरदारांचा पास बहुतेक वेळा कंपनीच भरते. महिना दीड लाख येनपर्यंतच्या अशा प्रवासभत्त्यावर कर्मचाऱ्याला प्राप्तिकरही लागत नाही. (येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडा जास्त.) त्यामुळे नोकऱ्या जिथे आहेत तिथल्या रेल्वेला भक्कम आधार मिळतो. जिथे फक्त शाळा उरल्या आहेत तिथल्या रेल्वेला नाही.

मार्ग किती वापरात आहे हे मोजायला जपानमध्ये एक माप आहे. मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरवरून दिवसाला सरासरी किती प्रवासी गेले, ते मोजायचं. त्याला आपण 'प्रवासी घनता' म्हणू. 1980मध्ये, रेल्वे सरकारी होती तेव्हा, कायदा करून रेषा आखली गेली: घनता 4,000च्या खाली असलेले मार्ग मुळात रेल्वेला झेपणारे नाहीत. काही अपवाद ठेवून असे 83 मार्ग निवडले गेले. 45 ठिकाणी बस आली, 38 ठिकाणी स्थानिक किंवा खासगी कंपनीनं रेल्वेच चालू ठेवली. पुढे 1987च्या एप्रिलमध्ये सरकारी रेल्वेचीच सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी अशी वाटणी झाली, तेव्हा तिच्यावर सुमारे 37 लाख कोटी येनचं कर्ज होतं.

पण जपानच्या खासगी रेल्वे तर श्रीमंत आहेत ना?

आहेत, पण त्या निव्वळ तिकिटावर श्रीमंत झालेल्या नाहीत. ही युक्ती ज्यानं रुळवली त्याचं नाव कोबायाशी इचिझो. 1910च्या मार्चमध्ये ओसाकाहून ताकाराझुकाकडे त्याची विजेची रेल्वे धावू लागली. पुढे तिचं नाव हानक्यू झालं. दोन टोकांच्या मध्ये होती शेतं. प्रवासी कुठून आणायचे? त्यानं रुळाकडेच्या जमिनी आधीच स्वस्तात घेऊन ठेवल्या होत्या. त्याच वर्षी त्यानं इकेदा इथे घरं बांधून मध्यमवर्गीय नोकरदारांना मासिक हप्त्यांवर विकायला काढली. घर घेणारा रोज त्याच्याच गाडीनं ओसाकाला जाणार हे ओघानं आलंच. रविवारी गाड्या उलट्या दिशेनं भराव्यात म्हणून ताकाराझुकाच्या टोकाला गरम पाण्याची स्नानगृहं उभी राहिली. मग तिथे मुलींची संगीत-नाट्य मंडळी आली आणि 1914मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. 1929मध्ये ओसाकातल्या उमेदा स्टेशनावर कंपनीचं स्वतःचं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. म्हणजे माणूस सकाळी कंपनीच्या घरातून निघाला, कंपनीच्या गाडीत बसला, संध्याकाळी कंपनीच्या दुकानात खरेदी करून परत आला.

रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो. एरवी ती वाढ जमीनमालकाच्या खिशात जाते. इथे जमीनमालक आणि रेल्वेमालक एकच, त्यामुळे ती वाढ रुळांवर खर्च करता आली. टोकियो आणि ओसाकाच्या उपनगरांतली असंख्य छोटी स्टेशनं याच हिशेबावर उभी आहेत. एखाद्या स्टेशनाची तिकीटविक्री किरकोळ असली तरी चालतं, कारण समोरच्या वसाहतीचे आणि सुपरमार्केटचे पैसे त्याच तिजोरीत येतात.

मात्र ही युक्ती चालते ती वस्ती वाढत असेपर्यंत. जपानची लोकसंख्या 2008च्या सुमारास शिखरावर पोचली आणि तेव्हापासून उतरते आहे. जिथे घरं रिकामी पडताहेत तिथे जमिनीच्या भावातून काय मिळणार? किशीसारख्या ठिकाणी कोबायाशी परत आला असता तरी त्यानं बहुधा हात टेकले असते.

2004: "आम्ही निघालो"

किशिगावा मार्गावर नानकाईचा तोटा वर्षाला 50 कोटी येनच्या घरात गेला होता. पूर्वी मार्ग बंद करायला सरकारची परवानगी लागायची. 2000मध्ये कायदा बदलला आणि आता एक वर्ष आधी सूचना दिली की पुरेसं झालं. 2004च्या सप्टेंबरमध्ये नानकाईनं तशी सूचना दिली.

यानंतर गावात जे घडलं ते मला मांजरीच्या गोष्टीपेक्षा (येते आहे, थांबा) जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्गावरच्या रहिवाशांनी संघटना काढली. वर्गणी वर्षाला 1,000 येन. सभासद सहा हजारांवर गेले. रेल्वे हवी असं म्हणणारे सगळीकडेच भेटतात, त्यासाठी खिशात हात घालणारे कमी. हे सहा हजार लोक दिसल्यावर नगरपालिकेला आणि प्रांताला पैसे द्यायला तोंड मिळालं.

शेवटी तोडगा असा निघाला. मार्गाखालची जमीन वाकायामा शहर आणि किशिगावा नगरानं विकत घ्यायची. त्यासाठीचे 23 कोटी येन प्रांत देणार. गाडी चालवायला जाहीर आवाहन करून नवी कंपनी निवडायची. तिला तोटा झाला तर दहा वर्षांत मिळून जास्तीत जास्त 82 कोटी येन दोन्ही नगरपालिका भरून देतील. त्यापुढचा तोटा कंपनीचा. वीज-उपकेंद्रासारख्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी प्रांत वेगळे पैसे देणार. ओकायामा शहरात ट्राम चालवणारी कंपनी पुढे आली, तिनं 'वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे' ही नवी कंपनी काढली आणि 1 एप्रिल 2006ला मार्ग तिच्या हाती गेला.

आकडे पुन्हा पाहा. नानकाईचा तोटा वर्षाला 50 कोटी. नव्या करारात दहा वर्षांना 82 कोटी, म्हणजे वर्षाला सव्वाआठ. मधले चाळीस-एक कोटी गेले कुठे? मोठ्या कंपनीची पगारश्रेणी आणि मुख्यालयाचा बोजा गेला, स्टेशनांवरची माणसं काढली आणि मोटरमनच एकटा सगळं बघू लागला. जमीन सार्वजनिक मालकीची झाल्यानं तो भारही गेला. एसटीचा डेपो असो की नगरपालिकेचं वाचनालय, रुपया नेमका कुठे मुरतो हे शोधल्याशिवाय अशी कामं वाचत नाहीत.

या पद्धतीचं पुढचं, पुरतं रूप म्हणजे रूळ-स्टेशनं सार्वजनिक मालकीची आणि गाडी चालवणं कंपनीचं. आपण एसटी महामंडळाला कधी सांगतो का, की मुंबई-गोवा महामार्गाचं डांबरीकरण तुमच्या तिकिटातून करा? रस्ता सरकारचा आणि गाडी महामंडळाची. जपानी छोट्या रेल्वेला मात्र वर्षानुवर्षं गाडीही चालवायची होती आणि वाटही स्वतःच राखायची होती.

मांजरीनं स्टेशन वाचवलं, ते?

किशी स्टेशनाला लागून एक दुकान होतं. दुकानदाराची मांजरं स्टेशनाच्या आवारात राहायची. मार्गाची मालकी बदलली तेव्हा मांजरांचं खोपटं ज्या जागेवर होतं ती जागा दुसऱ्या कामाला जाणार होती. मालकिणीनं नव्या कंपनीच्या अध्यक्षांना गळ घातली, की मांजरांना स्टेशनातच राहू द्या. अध्यक्ष कोजिमा मित्सुनोबु यांनी त्यांतल्या तामा नावाच्या तिरंगी मांजरीला 5 जानेवारी 2007ला रीतसर स्टेशनमास्तर नेमलं. डोक्यावर टोपी, पगार मांजराचं खाणं. बिनकर्मचारी स्टेशनाला स्टेशनमास्तर मिळाला आणि तोही जपानभर गाजला.

पर्यटक लोटले. डिझायनर मितोओका एइजी यांनी स्ट्रॉबेरीची गाडी, खेळण्यांची गाडी, तामाची गाडी रंगवली. 2010मध्ये स्टेशनाची इमारतच मांजराच्या तोंडासारखी, सायप्रसच्या सालीच्या छपराची बांधली गेली. 2015च्या जूनमध्ये तामा गेली तेव्हा तिच्या अंत्यसंस्काराला हजारो लोक आले. जागा तिच्या वारसदार मांजरीनं घेतली.

मग आकडा किती वाढला? 2005चे 19 लाख प्रवास दहा वर्षांत 23 लाखांच्या आसपास पोचले. दिवसाला साधारण हजार-अकराशे जास्त. चांगलीच वाढ आहे, पण मार्ग एकट्या मांजरीच्या जिवावर तरला असं म्हणण्याइतकी नाही. तरीही तिचं श्रेय मी वजा करणार नाही, कारण हे जास्तीचे लोक नेमके येतात दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी. एरवी रिकाम्याच धावणाऱ्या गाडीत. त्यांच्यासाठी एकही डबा वाढवावा लागत नाही, मोटरमन वाढवावा लागत नाही. तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा निव्वळ हातात उरतो. साडेसातच्या गाडीला हजार माणसं वाढली असती तर नवे डबे घ्यावे लागले असते आणि फायदा खर्चात गेला असता.

एवढं होऊनही पहिल्या दहा वर्षांनंतर सरकारी मदत लागलीच. ती मुख्यतः यंत्रणा आणि दुरुस्त्यांकडे वळली. मांजर, स्ट्रॉबेरी, प्रसिद्धी सगळं जमून आलेल्या मार्गाची ही स्थिती. त्यामुळे कुणी "आम्हीही स्टेशनावर कुत्रा नेमतो" म्हणालं तर त्याला आधी जमिनीच्या कागदांबद्दल विचारावं.

टीसी नाही, गेट नाही. मग फुकटे किती?

हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. अशा एकट्या मोटरमनच्या गाड्यांची पद्धत साधारण अशी असते. बिनकर्मचारी स्टेशनावर बहुधा पुढच्या डब्याचीच दारं उघडतात. मागच्या दारानं चढायचं आणि दाराशी असलेल्या यंत्रातून एक चिठ्ठी घ्यायची. तुम्ही कुठल्या स्टेशनावर चढलात त्याचा क्रमांक तिच्यावर असतो. पुढे, मोटरमनच्या डोक्यावरच्या फलकावर त्या क्रमांकाचं भाडं दिसतं आणि गाडी पुढे जाईल तसं ते वाढत जातं. उतरायचं पुढच्या दारानं, मोटरमनसमोरच्या पेटीत चिठ्ठी आणि सुट्टे पैसे टाकून किंवा पास दाखवून. म्हणजे प्रामाणिकपणावर सोडलेलं वाटतं तेवढं सोडलेलं नाही. टीसी स्टेशनावर नाही, तो गाडी चालवतो आहे, इतकंच.

थोडे लोक बुडवत असतीलच. पण प्रत्येक छोट्या स्टेशनावर दिवसभर माणूस बसवण्याचा पगार त्या बुडीतापेक्षा कितीतरी जास्त होतो. कंपनी हा हिशेब करूनच माणूस काढते.

या हिशेबाची खरी किंमत भलताच माणूस मोजतो. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला गाडीत चढायला फळी लावावी लागते. फलाटावर कुणी नसेल तर ती लावणार कोण? त्यासाठी आधी फोन करून कळवावं लागतं, मग कंपनी दुसरीकडून माणूस पाठवते. बाकीचे मनात येईल तेव्हा निघणार आणि यांनी वेळ मागून घ्यायची. 2020च्या सप्टेंबरमध्ये क्युशू बेटावरच्या ओइता इथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांनी रेल्वे कंपनीविरुद्ध दावा लावला, तो याचसाठी: स्टेशनावरची माणसं काढून तुम्ही आमचा फिरण्याचा हक्क काढलात. 2022मध्ये सरकारनं बिनकर्मचारी स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जपानी रेल्वेचं कौतुक करताना हा भाग आपण वगळतो. मला तरी या व्यवस्थेतलं सगळ्यात लंगडं अंग हेच वाटतं.

रेल्वे काढून बस द्या की

कागदावर स्वस्त दिसतं. पण सकाळच्या दोन डब्यांत जेवढी मुलं मावतात तेवढ्यांना निदान तीन-चार बस लागतील, म्हणजे तीन-चार चालक. आणि जपानमध्ये आज पैशांपेक्षा चालकांचा दुष्काळ मोठा आहे. ओसाका प्रांतातल्या तोंदाबायाशीची कोंगो बस ही जुनी कंपनी. तिनं 2023च्या डिसेंबरमध्ये आपले सगळेच बसमार्ग बंद केले, चालक मिळत नाहीत हे त्यामागचं एक मोठं कारण. 2024च्या एप्रिलपासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला 960 तासांची मर्यादा आली. ती योग्यच आहे, पण त्यामुळे चालक आणखी अपुरे पडू लागले. "रेल्वे नसली तर बस" हे वाक्य 1980मध्ये सोपं होतं, आता राहिलेलं नाही.

आणि तळमजल्यावरचा दुकानदार?

मी मोटारीनं जातो, माझ्या करातून ही गाडी का चालवायची? याचं जपानी उत्तर भावनेचं नाही, वजाबाकीचं आहे. उद्या रेल्वे बंद झाली तर नगरपालिकेला काय काय करावं लागेल, त्याची यादी करायची. मुलांसाठी शाळेच्या बस. म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला टॅक्सीची कुपनं. वाढलेल्या मोटारींसाठी रस्ता रुंद करणं. प्रत्येकाची किंमत मांडायची आणि रेल्वेला द्याव्या लागणाऱ्या पैशांशी ताडून बघायची.

शिगा प्रांतातल्या ओमी रेल्वेचं असंच झालं. 59.5 किलोमीटरचं जाळं, 1994पासून तोटा. 2016मध्ये कंपनीनं स्थानिक सरकारांना सांगितलं, की आता एकट्याला झेपत नाही. अभ्यास झाला तेव्हा पर्यायी सोयींचा खर्च वर्षाला सुमारे 191 कोटी येन निघाला आणि रेल्वेवरचा सरकारी खर्च 67 कोटींच्या आसपास. शाळा, आरोग्य आणि रस्ते खात्यांच्या वेगवेगळ्या वह्यांत लपलेला खर्च एकाच पानावर आला आणि वादाचा सूरच बदलला. 2022च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी कंपनीनं दिवसभर फुकट प्रवास दिला तर लोक इतके उसळले की गाड्या भरून वाहिल्या. 2024च्या एप्रिलपासून तिथले रूळ आणि स्टेशनं सार्वजनिक संस्थेकडे आहेत, गाडी कंपनी चालवते.

हे सगळं आपल्याला अगदी परकं आहे असंही नाही. नवी मुंबईचा मानखुर्द-बेलापूर लोकल मार्ग उभारताना सुमारे दोन-तृतीयांश पैसा सिडकोनं घातला आणि वाशीसारख्या स्टेशनांवर कार्यालयांच्या इमारती बांधल्या. जमिनीच्या भावातून रूळ, हीच ती कोबायाशीची चाल. पुण्यात, नागपुरात किंवा मुंबईत फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो, मेट्रोत कधी पाऊल ठेवा अथवा नका ठेवू. दुकानदाराला आपणही गप्प केलं आहे, फक्त त्याला वजाबाकीचा कागद दाखवलेला नाही.

मग बंद कधी करायचं?

हा कागद मांडल्यावर दर वेळी रेल्वेच जिंकते असं नाही. 2022च्या एप्रिलमध्ये पश्चिम जपानच्या जेआर कंपनीनं (1987च्या वाटणीतून निघालेल्या सहा प्रवासी कंपन्यांपैकी एक) घनता 2,000च्या खाली असलेल्या आपल्या 30 पट्ट्यांचे हिशेब पहिल्यांदा जाहीर केले. त्यांत हिरोशिमा-ओकायामाच्या डोंगरांतल्या गेइबी मार्गाचा तोजो ते बिंगो-ओचिआई हा तुकडा होता. तिथे 100 येन कमवायला 25,416 येन खर्च होत होते. 2019ची घनता होती 11. अकरा हजार नव्हे, अकरा. इथे शाळेच्या बसचा हिशेब कितीही ताणला तरी पुरत नाही.

2023च्या ऑक्टोबरपासून नवा कायदा आहे. त्यानुसार कंपनी किंवा स्थानिक सरकार यांच्यापैकी कुणीही केंद्र सरकारला मध्ये बसवू शकतं आणि मग सगळ्यांना एका टेबलावर यावंच लागतं. अशी पहिली परिषद 2024मध्ये गेइबी मार्गासाठीच बसली. साधारण तीन वर्षांत दिशा ठरावी अशी अपेक्षा आहे. कंपनीचं म्हणणं, एवढ्या प्रवाशांना रेल्वे हे साधनच चुकीचं. स्थानिक सरकारांचं म्हणणं, बुलेट ट्रेनच्या आणि मोठ्या शहरांतल्या मार्गांच्या नफ्यातून डोंगरातले मार्ग चालवायचे, याच समजुतीवर 1987मध्ये रेल्वेची वाटणी झाली होती, मग आता नफा ठेवून मार्ग तेवढे सोडायचे हे कसं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्या तुकड्यावर दिवसाला इन-मिन तीन गाड्या जातात-येतात आणि सकाळची पहिली गाडी चुकली की पुढची थेट दुपारी असते. गाड्या इतक्या कमी आहेत म्हणून प्रवासी नाहीत, की प्रवासी नाहीत म्हणून गाड्या कमी, यावरही परिषदेत दोन्ही बाजूंचं जमायचं आहे.